कानाला एक, कागदावर चार

जुन्या गोव्याच्या फेस्ताची सुट्टी आणि तिला जोडून चार दिवसांची रजा, असा योग मागच्या डिसेंबरात जुळून आला आणि मी हैदराबादला बहिणीकडे जाऊन आलो. चारमिनार, सालारजंग संग्रहालय, गोळकोंडा हे सगळे पाहून झाले. पण त्या प्रवासातून मी जे घेऊन आलो ते यातले काहीच नाही. ते मला मिळाले माझ्या चौथीतल्या भाचीच्या इंग्रजीच्या वहीत!

रविवारी सकाळी ती गॅलरीत वही घेऊन बसली होती. चेहरा पडलेला. वहीत लाल शाईच्या फुल्या. बाईंनी वाक्ये सांगितली होती, मुलांनी ऐकून लिहायची होती. एका वाक्यात 'मला घंटा ऐकू येते' असे हवे होते. 'ऐकणे' या अर्थाचा 'हिअर' लिहायचा, तिथे हिने 'इथे' या अर्थाचा 'हिअर' लिहिला. पुढे केकचा तुकडा होता. तुकड्याच्या 'पीस'ऐवजी शांततेचा 'पीस' आला आणि केकची शांतता झाली. मला हसू आले, पण तिचे डोळे भरलेले पाहून आवरले.

"मामा, कानाला दोन्ही सारखेच ऐकू येतात ना? मग मला कसं कळणार? मला स्पेलिंगचं डोकंच नाही."

या शेवटच्या वाक्याने मी जरा हललो. कारण हेच वाक्य मी स्वतःशी तीसेक वर्षे म्हणत आलो आहे. माझे शिक्षण मराठी शाळेतले. इंग्रजीशी गाठ पडली ती पाचवीत. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी एका विद्यालयाच्या मुख्याध्यापकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा मी केला आणि 'प्रिन्सिपल' या शब्दाचे स्पेलिंग 'तत्त्व' या अर्थाचे लिहिले. साहेबांनी तो कागद साऱ्या विभागाला वाचून दाखवला. "आमचे कारकून आता तत्त्वांनाच पत्र पाठवतात!" सगळे हसले, मीही हसलो. पण त्या दिवसापासून इंग्रजी मसुदा दुसऱ्याला दाखवल्याशिवाय मी टेबलावरून पुढे सरकवत नाही. तो शब्द तर आजही हात आखडूनच लिहितो.

उच्चार एक, पण लिखाण आणि अर्थ वेगळे, अशा शब्दांना आपण समोच्चारी शब्द म्हणतो. इंग्रजी शिकणाऱ्या लहान मुलांना सर्वांत जास्त छळतात ते हेच. गंमत म्हणजे हा लेख देवनागरीत लिहिताना माझीही तीच पंचाईत होते आहे. 'राइट' लिहिले की वाचकहो, तुम्ही कोणता समजाल? लिहिणे, बरोबर, धार्मिक विधी की कारागीर? इंग्रजीत या चौघांची चार स्पेलिंगे. देवनागरीत चौघांना मिळून एकच सदरा!

आपल्याकडे तर यात आणखी भर पडते. 'वेट' घ्या. थांबणे आणि वजन हे दोन 'वेट' इंग्रजांच्या तोंडीही सारखेच आहेत. पण आपण 'व'चे दोन उच्चार करत नाही आणि इंग्रजीतला आखूड 'ए' आणि लांब 'ए' आपल्या कानाला फारसा वेगळा लागत नाही. त्यामुळे ओला आणि गुरांचा डॉक्टर हे दोघेही आपल्याकडे 'वेट'च. 'टेस्ट' म्हणजे परीक्षा आणि 'टेस्ट' म्हणजे चव, 'पेपर' म्हणजे कागद आणि 'पेपर' म्हणजे मिरी, हेही असेच. म्हणजे इंग्रज मुलाला दोन शब्दांत गोंधळायचे असेल तिथे आमच्या मुलांनी चारांत गोंधळायचे. मग डोके नाही, असे का म्हणावे?

तर मी भाचीची समजूत घालत होतो, तेवढ्यात शेजारचे आजोबा आले. उर्दूचे निवृत्त मास्तर. रोज सकाळी भावजींचे वर्तमानपत्र न्यायला येतात. वहीवर नजर टाकून ते म्हणाले, "हौ बेटा, ये तो कुछ भी नक्को. हमारे पास तो 'ज़' के चार हरफ़ हैं!" आणि तिच्याच वहीच्या मागच्या पानावर त्यांनी चार अक्षरे काढून दाखवली. ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोए. उच्चार चौघांचा एकच. 'स'ची अक्षरे तीन, 'त'ची दोन. कोणत्या शब्दात कोणते, ते पाठच असावे लागते.

मग त्यांनी मला विचारले, "आप दफ़्तर में क्या करते?" म्हटले, लोकांचे अर्ज घेतो. ते खूश झाले. म्हणाले, 'ऐन' या अक्षराने सुरू केला तर अर्ज़ म्हणजे विनंती, 'अलिफ'ने सुरू केला तर अर्ज़ म्हणजे धरती. पोराने चूक केली की तहसीलदाराकडे अख्खी पृथ्वी दाखल!

ते गेल्यावर मी बराच वेळ ते पान बघत बसलो. कारण ते चार 'ज़' मी रोज लिहितो, हे माझ्या ध्यानात आले. आमच्या कार्यालयीन मराठीत अरबी-फारसीतून आलेले शब्द भरपूर. 'मजकूर' यातला 'ज' मुळात ज़ाल. 'जमीन' यातला ज़े. 'जामीन' यातला ज़्वाद. आणि 'जाहीर' यातला ज़ोए. मराठीने चौघांनाही एकाच 'ज'त बसवले आणि आपल्या पोरांची सुटका केली. त्याची किंमतही दिली म्हणा. 'नजर' म्हणजे दृष्टी आणि 'नजर करणे' म्हणजे वरिष्ठाला भेट देणे, हे आपल्याला एकाच शब्दाचे दोन अर्थ वाटतात. ते दोन वेगळे शब्द आहेत. दृष्टीच्या नजरेत ज़ोए आहे, भेटीच्या नजरेत ज़ाल. निजामाच्या दरबारात अशरफी 'नजर' करायची पद्धत होती ती ज़ालवाली, आणि नजराणाही तिथलाच. देवनागरीत अक्षर एक झाले आणि या दोघांची कुळे आपण विसरलो.

चार 'ज़' आले कुठून? अरबीत ते चार निरनिराळे उच्चार आहेत. अरब माणसाला ते वेगळे ऐकू येतात. शब्द इराणात आणि तिथून हिंदुस्थानात आले, तेव्हा इथल्या जिभांनी चारांचा एक उच्चार केला. पण लिखाण पवित्र आणि प्रतिष्ठेचे, म्हणून ते बदलले नाही. जीभ पुढे गेली, लेखणी होती तिथेच राहिली. समोच्चारी शब्दांचे सारे मूळ या एका ओळीत आहे.

हैदराबादला हे सुचावे हेही योग्यच. मराठी माणसाचा आणि या शहराचा संबंध पाहुणचारापुरता नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यातच होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे संस्थानचा कारभार फारसीतून उर्दूत आला. १९१७ मध्ये पाठ्यपुस्तकांच्या उर्दू भाषांतरासाठी 'दारुल तर्जुमा' निघाले आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ. तिथे विज्ञान, कायदा, वैद्यक सगळे उर्दूतून शिकवत आणि इंग्रजी हा विषय सक्तीचा होता.

आता त्या काळच्या मराठवाड्यातल्या एखाद्या मुलाची कल्पना करा. घरात मराठी. शाळेत बालबोध. वरच्या वर्गात गेला की उजवीकडून डावीकडे उर्दू, त्यात चार 'ज़' आणि तीन 'स'. शिवाय डावीकडून उजवीकडे इंग्रजी, त्यात न वाजणारा 'के' आणि न वाजणारा 'डब्ल्यू'. मराठी टिकावी म्हणून शहरातल्या मराठी मंडळींनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात विवेकवर्धिनी शाळा काढली, केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी तिला बळ दिले. पण पोटासाठी उर्दू आणि इंग्रजी चुकत नव्हती. अशाच वातावरणातून सेतुमाधवराव पगडींसारखा माणूस तयार झाला. नोकरी निजामाच्या कारभारात, आणि फारसी-उर्दूवर असे प्रभुत्व की मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने त्यांनी मराठीत आणली. तेही सरकारी नोकर होते, हे मी मुद्दाम स्वतःला सांगतो!

पण एक पगडी दिसतात, तेव्हा मागच्या बाकांवरचे शेकडो दिसत नाहीत. तीन लिप्यांच्या कचाट्यात सापडलेल्या किती मुलांनी 'आपल्याला डोकेच नाही' असे ठरवून शाळा सोडली असेल, याची नोंद कुठल्याच दप्तरात सापडणार नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, त्यानंतर उस्मानियाचे माध्यम उर्दूचे इंग्रजी झाले. कालपर्यंत ज्याची परीक्षा चार 'ज़'वर होत होती, त्याची आता चार 'राइट'वर होऊ लागली. सत्ता बदलली की मुलांच्या वहीतल्या चुका बदलतात.

आणि याच शहरात १९५८ साली केंद्र सरकारने इंग्रजीच्या अध्यापनासाठी एक खास संस्था काढली, सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश. काम होते मुख्यतः इंग्रजीच्या शिक्षकांना तयार करण्याचे. सुरुवातीच्या वर्षांत तिची धुरा वाहिली विनायक कृष्ण गोकाक यांनी. कन्नडचे मोठे कवी, पुढे ज्ञानपीठाचे मानकरी, आणि एके काळी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य. याच संस्थेत आर. के. बन्सल यांनी भारतीय माणसाचे इंग्रजी इतरांना कितपत समजते याचा अभ्यास केला. तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७२ मध्ये इतर परकीय भाषा जोडून संस्थेचे नाव बदलले आणि २००७ पासून ती केंद्रीय विद्यापीठ आहे. बहिणीच्या घरून तिकडे बस जाते. मी फाटकापर्यंत जाऊन आलो. आत कोणाला काय विचारणार होतो? पण बरे वाटले. ज्या गोष्टीसाठी आमच्या साहेबांनी मला हसण्यावारी नेले, तिच्यासाठी देशाने एक अख्खी संस्था उभारली होती.

आता इंग्रजीकडे येऊ. न वाजणारी अक्षरे इंग्रजांनी मुलांना छळायला घातली नाहीत. एके काळी ती वाजत होती. 'नाइट' म्हणजे सरदार, त्याच्या स्पेलिंगच्या तोंडाशी 'के' आहे. 'नाइट' म्हणजे रात्र, तिला 'के' नाही. दोघांच्या पोटात 'जी-एच' आहे. चौदाव्या शतकात, चॉसर कवीच्या काळी, तो 'के' स्पष्ट ऐकू येत असे आणि 'जी-एच'चा उच्चार घशातून येई, साधारण उर्दूतल्या 'ख़'सारखा. म्हणजे हैदराबादी माणसाला तो छान जमला असता! 'क़ौम'ला 'ख़ौम' म्हणणारे हे लोक. त्या नियमाने इथे 'क़सम'ची 'ख़सम' होते आणि शपथ व नवरा हे दोन शब्द समोच्चारी होऊन बसतात. असो.

१४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला आणि स्पेलिंगे हळूहळू घट्ट होऊ लागली. नेमक्या त्याच शतकांत इंग्रजांची जीभ मात्र झपाट्याने बदलत होती. लांब स्वर आपल्या जागा सोडून सरकत होते. पाहणे आणि समुद्र हे दोन 'सी', भेटणे आणि मांस हे दोन 'मीट', यांचे उच्चार पूर्वी वेगवेगळे होते, म्हणूनच स्पेलिंगे वेगळी. पुढे उच्चार एक झाले. छापलेले अक्षर मात्र हलले नाही. अरबी 'ज़'चे जे इराणात झाले तेच इथे लंडनात झाले.

उलटही घडते. 'फ्लॉवर' म्हणजे फूल आणि 'फ्लॉवर' म्हणजे पीठ, हे दोन मुळात एकच शब्द. पिठातला सर्वांत निवडक भाग म्हणजे पिठाचे फूल. अठराव्या शतकात, १७५५ च्या जॉन्सनच्या कोशापर्यंतही, ही स्पेलिंगे पक्की वेगळी झालेली नव्हती. एका घरात वाटण्या झाल्या आणि दोन आडनावे लागली, तसा प्रकार.

आणि ही मुकी अक्षरे आपल्याला अगदीच परकी नाहीत. रात्रीच्या 'नाइट'मधला तो घशातला आवाज संस्कृत 'नक्त'मधल्या 'क्'चा भाऊबंद आहे. आपल्या आजी दिवसभर उपाशी राहून रात्री जेवायचे जे 'नक्त' करत, तोच हा शब्द. जाणणे या अर्थाच्या 'नो'मधला मुका 'के' हा आपल्या 'ज्ञा' धातूतल्या 'ज'चा नातेवाईक. नकारातल्या 'नो'ला तो नाही, कारण त्याचे कूळ वेगळे. दोन या अर्थाच्या 'टू'मधला 'डब्ल्यू' म्हणजे 'द्वि'मधला 'व'. आणि बघा, आपणही 'ज्ञ' लिहितो ज आणि ञ जोडून, पण मराठीत वाचतो 'द्न्य'. इंग्रजांना हसायचे कोणत्या तोंडाने?

जसे बोलतो तसे लिहितो, असा आपण मराठीचा डौल मिरवतो. पण दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, सुर म्हणजे देव आणि सूर म्हणजे स्वर, पाणि म्हणजे हात आणि पाणी म्हणजे जल, हे आपण बोलताना कितीसे वेगळे बोलतो? ऱ्हस्व-दीर्घाच्या फुल्या खाल्ल्या नाहीत असा मराठी शाळेतला एक तरी विद्यार्थी दाखवा.

आमच्या गोव्यात तर १९६१ पूर्वी आणखी एक भाषा होती. आमच्या कचेरीत जुनी पोर्तुगीज दप्तरे आहेत. त्यांत 'कोंसेल्यु' हा शब्द पानोपानी येतो. 'सी' अक्षर घालून लिहिला तर तो तालुक्यासारखा प्रशासकीय विभाग, 'एस' घालून लिहिला तर सल्ला किंवा मंडळ. 'सेंय' म्हणजे शंभर आणि 'सेंय' म्हणजे शिवाय, फरक तोच, 'सी' आणि 'एस'चा. शंभर रुपये की रुपयांशिवाय, हे एका अक्षरावर! 'कुझेर'मध्ये 'एस' असेल तर शिवणे, 'झेड' असेल तर शिजवणे. आमच्या आजोबांच्या पिढीने पोर्तुगीज शाळेत यावरूनच छड्या खाल्ल्या. मग आमच्या पिढीने इंग्रजीवरून. हैदराबादेत उर्दूवरून. मुलगा तोच, छडी तीच. दरबाराची भाषा तेवढी बदलत गेली.

म्हणूनच मला वाटते, या शब्दांची नुसती यादी मुलांना पाठ करायला देऊ नये, त्यांची गोष्ट सांगावी. त्या रविवारी आम्ही मामा-भाचीने तेच केले. ऐकण्याच्या 'हिअर'च्या पोटात 'इअर' म्हणजे कान दडलेला आहे. इथे, तिथे, कुठे या तिन्ही इंग्रजी शब्दांचा शेवट सारखाच आहे, ती भावंडे. केकच्या 'पीस'मध्ये 'पाय' हा खाण्याचा पदार्थ आहे. आणि मुख्याध्यापकाच्या 'प्रिन्सिपल'च्या शेवटी 'पॅल' म्हणजे मित्र आहे. हे शेवटचे मला तीस वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर!

दोनच्या 'टू'त 'डब्ल्यू' कशाला, असे तिने विचारले. मी 'द्वि' सांगितला. तिला तो काही फारसा पटला नाही. मग म्हटले, जुळ्यांना इंग्रजीत काय म्हणतात? "ट्विन." बारा? "ट्वेल्व्ह." वीस? "ट्वेंटी." ती थांबली. बोटांनी हवेत अक्षरे काढली. "मामा, सगळ्यांत डब्ल्यू आहे! म्हणजे टूमध्ये तो होताच, फक्त आता गप्प बसलाय."

होताच, फक्त गप्प बसला आहे. यापेक्षा चांगली व्याख्या मला कोणत्या पुस्तकात मिळाली असती असे वाटत नाही.

निघायच्या दिवशी मी तिच्या वहीच्या मागच्या पानाची झेरॉक्स काढून घेतली. आजोबांचे चार 'ज़' असलेले ते पान आता माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. परवा कार्यालयात नवा लागलेला एक मुलगा मसुदा घेऊन आला. शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र होते, आणि तीच चूक होती. मी त्याला बसायला सांगितले, चहा मागवला आणि हळूच 'पॅल'ची गोष्ट सांगितली. बाकीच्या टेबलांना काही कळले नाही.